दारव्ह्याचा पंपवाला आणि आरपीएमचा काटा

कारंजा मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बोंडं फुटून झाडांवर कापूस लोंबत होता, नजर जाईल तिथवर. त्या वर्षांत कापसाला भाव म्हणावा असा नव्हताच. वेचणीची मजुरीही परवडेना म्हणून कितीतरी शेतं तशीच उभी होती. मला शेतीतलं काही कळत नाही, मी पुण्यात पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढणारा माणूस. तरी ते पाहून गाडी आपोआप हळू झाली. मागे बसलेली माझी बायको मीनल म्हणाली, "एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि घ्यायला कुणी नाही."

आम्ही वणीला तिच्या बहिणीकडे निघालो होतो, आमच्या जुन्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलवर. प्रवासाचा तिसरा दिवस होता. गाडीत एकच खोड होती, आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा). चांगला चालता चालता तो शून्यावर पडायचा आणि जरा वेळाने दचकल्यासारखा वर यायचा. पुण्यात मी त्याची केबल बदलली, मग अख्खं मीटर बदललं, तरी तेच. निघताना आमचा मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, ती शोभेची वस्तू आहे. तिकडे बघूच नका." कारंज्यानंतर मात्र काटा इतक्यांदा पडायला लागला की न बघणं अवघड झालं.

दारव्ह्यात पोचलो तेव्हा आठवडी बाजार भरला होता. जीपगाड्यांच्या टपांवर माणसं, मिरच्यांचे ढीग. हॉटेलात आलूबोंडा मागवला. त्यावर तर्री (तिखट लाल रस्सा) ओतूनच मिळाली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मीनल हसून हसून टेबलावर वाकली.

बाहेर येऊन गाडी चालू केली. शेजारच्या लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते. पांढरा फेटा, हात कोपरापर्यंत काळे. ते उठले, आले आणि न विचारता इंजिनाच्या कडेच्या झाकणावर तळवा टेकवून उभे राहिले. मी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी लक्षच दिलं नाही.

"त्याहिले ऐकू येत नाही, भाऊ," पंपांच्या ढिगामागून त्यांची बायको म्हणाली. कोपरापर्यंत पांढरे बलोये (बांगड्या) घातलेली ती बाई म्हणजे सीताबाई. "जिनिंगात (सरकी काढायच्या कारखान्यात) तीस वर्सं फिटर होते. रेच्यांच्या (तिथल्या यंत्रांच्या) आवाजानं कान गेले. आता जिनिंगबी बंद पडली."

नवऱ्याचं नाव रामधनभाऊ. गावाबाहेरच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) घर. मी काट्याकडे बोट दाखवून हात उडवला, म्हणजे खराब आहे. त्यांनी मान हलवली. मीटरखालची केबल सोडून मला इंजिन चालू ठेवायला लावलं. केबलच्या तोंडातली तार गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"मीटर चांगलं हाय," ते मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा चढा आवाज. "केबलबी नवी दिसते. खराबी खाली हाय."

केबल पुन्हा जोडली. मग त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर धोतराला पुसला, त्याचं लाकडी टोक दातांत घट्ट धरलं आणि पोलादी टोक इंजिनाच्या झाकणाला लावून डोळे मिटले. मला खुणेनं वेग एकसारखा ठेवायला सांगितलं आणि एक हात वर धरला.

थोड्या वेळाने त्यांचा हात खाली आला. मी मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. हात वर गेला, काटा वर आला. पुन्हा हात खाली, पुन्हा काटा खाली. त्यांचे डोळे मिटलेलेच. इंजिनाचा आवाज मला तर जरासुद्धा बदललेला कळत नव्हता. मीनलने माझा दंड घट्ट धरला. भोवती बाजारकऱ्यांचं कोंडाळं जमलं होतं. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोची हाक ऐकू येत नाही, तो लोखंडाच्या पोटात एक बोटभर चक्र अडखळतं ते दातांनी ऐकत होता.

स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी विचारलं, "ऑइल कवा टाकलं?"

आमच्या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आहे. मी अभिमानाने झाकण उघडून दाखवलं. काल भरलेली टाकी जवळजवळ तशीच होती. मला वाटत होतं, गाडी छान चाललीय, ऑइल खात नाही.

रामधनभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी हात वर करून मला गाडी बंद करायला लावली.

"काटा खरं सांगून राह्यला, साहेब. हा काटा ज्या चक्रावर फिरते, त्याच चक्रावर ऑइलचा पंप फिरते. काटा पडला का पंप बंद. पंप बंद तं इंजिन कोरडं. मी पंपाचा माणूस हाय, मले समजते." मग मीनलकडे पाहून आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "जोरात असतांनी पिस्टन धरला असता. चाक जागीच जाम."

त्यांनी झाकण उघडलं. नायलॉनचं पांढरं चक्र हातावर घेऊन दाखवलं. एका बाजूचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. तसलं चक्र दारव्ह्यात मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी पंपाची नळी बंद केली आणि ऑइल मापून थेट पेट्रोलमध्ये मिसळलं. दर वेळी पेट्रोल भरताना किती मिसळायचं ते मीनलकडून तीनदा बोटांवर मोजवून घेतलं. माझ्यावर बहुधा भरवसा उरला नव्हता. तोवर सीताबाईंनी फडक्यातली बाटी (बंजारा बोलीत भाकरी) आणि लसणाची चटणी आमच्या हातावर ठेवली होती.

"हळू जाजा," निघताना रामधनभाऊ म्हणाले. "वणीकडं कोयशाचे ट्रक लई."

यवतमाळ ओलांडलं, करंजीनंतर ते ट्रक सुरू झाले. काळे, उंच, एकामागे एक. आरशात ट्रकचं नाक भरून दिसायचं. इथे चाक जाम झालं असतं तर, हा विचार मी केला आणि मीनलनेही केला असणार, कारण तिचे हात माझ्या पोटाभोवती घट्ट होते. गाडी थोडा धूर सोडत निमूट चालली. संध्याकाळी वणीला मेहुणीच्या दारात उतरलो, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर कोळशाची पूड होती आणि मीनल बहिणीच्या गळ्यात पडून का रडते ते बहिणीला कळेना.

चार दिवसांनी त्याच वाटेने परतलो. दारव्ह्यात बाजार नव्हता, लिंबाखाली कुणी नव्हतं. चहावाल्याने तांड्याची वाट दाखवली. सीताबाई अंगणातच होत्या. आम्हाला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आलात माय! रोज इचारते हा माणूस, पोचले का ते? मी म्हणो, मले कसं समजन? घास नाही जाऊन राह्यला त्याले."

मी मान खाली घातली. वणीत चार दिवस आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ही हकिकत रंगवून सांगितली होती. पण ज्याने आम्हाला वाचवलं त्याला निरोप धाडावा, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

"थांबा," म्हणत सीताबाई आम्हाला तांड्याच्या कडेला घेऊन गेल्या. खाली कपाशीचा उतार होता आणि पार टोकाला पांढऱ्या कापसात पांढरा फेटा. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांनी ओढणी काढून हवेत फिरवली. कितीतरी वेळाने तो फेटा वळला. सीताबाईंनी दोन बोटं उंच धरली आणि मग तोच हात सावकाश जमिनीकडे आणला, म्हणजे दोघंही सुखरूप इथे आलीत.

रामधनभाऊ काही क्षण उभे राहिले. मग कपाशीत मटकन खाली बसले.

पुण्यात गाडीला नवं चक्र बसलं, प्रवासही पुढे पुष्कळ झाले. एखाद्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी इतकी काळजी वाहिली असेल, हे मला त्या उतारावर उभं राहीपर्यंत खरं वाटलं नसतं.