कस्तुराने न मानलेला कौल

पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत कस्तुरा इंजेक्शनच्या कुप्या तपासायची. समोर एक काळी पाटी, एक पांढरी. काचेचा कण काळ्यावर चमकतो, धाग्याचा तंतू पांढऱ्यावर दिसतो. म्हणून कुपी दोन्हींपुढं धरायची, मगच पास. भाजीवाल्याचा टोमॅटोसुद्धा ती आधी त्याच्या काळ्या वजनापुढं आणि मग त्याच्या पांढऱ्या धोतरापुढं धरते, असं आमच्या संत तुकाराम नगरात म्हणत. अशा मुलीला नवरा पसंत पडणं कठीणच. १९७४ साली तिनं सांगून टाकलं की नवरा नकोच, चर्चची सिस्टर व्हायचंय. शेजारच्या पद्माकाकूंनी लगेच विचारलं, "अगं, पण कुठल्या घराण्यात?"

प्रश्न वाटतो तितका वेडा नव्हता. कॅथलिक सिस्टरांचे संघ पुष्कळ, प्रत्येकाची रीत वेगळी. कस्तुरापुढं दोन होते. एक पुण्यात दवाखाना चालवणाऱ्यांचा. रोग्यांची सेवा, वर्षातून एकदा घरी. दुसरा मठातल्यांचा. तिथं आत गेलं की गेलं. प्रार्थना, मौन, आणि आई भेटायला आली तरी मध्ये जाळी.

"म्हणजे एक नोकरीवाली सून आणि एक सोवळ्यातली," काकूंनी समजून घेतलं.

घोळ होता तो सोनबाचा. सोनबा कस्तुराचा थोरला भाऊ. फादर व्हायला गेला आणि वर्षाच्या आत ट्रंक घेऊन परत आला. का, ते कुणाला बोलला नाही. मग कंपनीत लागला. पाळी सुटून येताना कोपऱ्यावरून दोन सुरांची शिट्टी द्यायचा, की आई तानुबाई स्टोव्हला पंप मारायची. चहाला उकळी आणि सोनबा दारात, एकदमच. एके दिवशी कासारवाडीला रूळ ओलांडताना तो गाडीखाली गेला.

शिट्टी मात्र थांबली नाही. दुपार कलली की कस्तुराला ती ऐकू यायची. कंपनीत, बसस्टॉपवर, कुठंही. आईला ती हे कधी बोलली नाही, काकूंना बोलली.

"कुकरची असेल," काकू म्हणाल्या. आमच्या ओळीत कुकर एकट्या काकूंकडं होता, आणि तो महिनाभर बिघडून पडला होता.

त्यांच्या चर्चच्या फादरांनी सरळच विचारलं, "कस्तुरा, तुला बोलावतंय कोण? देव की सोनबा?"

"आवाज दोघांचाही आलेला नाही, फादर. शिट्टी येते."

फादरांनी कपाळ चोळलं. "दोन्ही ठिकाणं बघून ये. मन कुठं शांत होतं ते बघ."

दवाखान्यात, खाटांच्या रांगेतून चालताना, शिट्टी अगदी पाठीशी आली. मठात जाळीपुढं ती दुपारभर बसली. काही आलं नाही. निव्वळ शांत. कस्तुरानं मठ ठरवला. तरी रात्री तिला झोप येईना. ही शांतता देवाची, की आपण पळून आल्याची?

"कौल लावू," काकू म्हणाल्या.

तानुबाई दचकली. "गावाकडं खंडोबाला लावत्यात. पर मरीयामातेला?"

"अहो, आईच ना ती? मुलीच्या स्थळाचं आईला नाही तर कुणाला विचारायचं?"

"फादरला सांगू नगा म्हंजे झालं."

घरातल्या मरीयामातेच्या मूर्तीच्या दोन खांद्यांवर शेवंतीची दोन फुलं ओली करून चिकटवली. उजवं दवाखान्याचं, डावं मठाचं. पडेल तो कौल. तिघी समोर बसल्या.

दुपार कलली. कोपऱ्यावर शिट्टी झाली.

कस्तुरानं दाराकडं वळून पाहिलं. आणि तानुबाई गुमान उठली, स्टोव्हपाशी गेली, पंप मारू लागली.

"आई, काय करतेस?"

"च्या टाकते. रोजच टाकते की."

"तुला... ऐकू येतं?"

"मी त्याची आई हाय."

तेवढ्यात डावं फूल पडलं. काकू पांढऱ्याफटक. "अगं बाई! त्याला तर मी खळ लावली होती! तू जाळीमागं जाऊ नयेस म्हणून... ते कसं पडेल?"

कस्तुरानं फूल उचललं, आधी काळ्या दारापुढं धरलं, मग भिंतीच्या चुन्यापुढं.

"हा कौल मी घेत नाही."

"अगं, देवाचा आहे!"

"असेल. पण ती शांतता मी एकाच पाटीपुढं धरून पाहिली, काकू. तिथं मला शिट्टी येणार नाही. आईला इथं येतच राहणार. दवाखान्यात निदान मलाही येईल, तिच्याबरोबर उठता येईल. नाहीतर तिचा आणि सोनबाचा, दोन्ही कप चहा तिनं रोज एकटीनं प्यायचा?"

फादरांना तिनं सांगितलं, "बोलावतंय कोण, ते अजून कळलं नाही. पण बोलावलं की उठायचं, हे आईकडून कळलं."  फादर तिला दवाखान्याच्या सिस्टरांकडं सोडायला स्वतः गेले.

एक्याऐंशी साली पित्ताशयातल्या खड्यांसाठी काकू त्याच दवाखान्यात होत्या. दुपारी पांढऱ्या वेषातली कस्तुरा त्यांच्या उशाशी गप्पा मारत होती. बोलता बोलता थांबली, उठली, आणि पलीकडं स्टोव्हचा पंप ऐकू आला. कप घेऊन ती थेट शेवटच्या खाटेकडं गेली. तिथं राजगुरुनगरची एक म्हातारी होती. तिला भेटायला कधी कुणी येत नसे. तिनं नुकतेच डोळे उघडले होते.

"घंटा तर वाजली नाही, मग तुला कळलं कसं?" काकूंनी विचारलं.

"तुम्हांला नाही आली ऐकू?"

काकूंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "कुकरची असेल," त्या पुटपुटल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मलाही घोटभर दे गं."