झाडाला विचारलं, सरकारला नाही

ती घटना आठवली की आजही मिशीला पीळ भरावासा वाटतो! मी तेव्हा पाटण भागात फौजदार होतो. स्वतःच्या रानातली काही झाडंसुद्धा परवानगीशिवाय तोडायची नाहीत, असा कायदा नुकताच आला होता. लोकांना ते खरंच वाटत नव्हतं.

सकाळची हजेरी चालली असताना एक म्हातारी धापा टाकत ठाण्यात शिरली. "सायब, चला बिगीनं! पुतण्यानं एक हिरडा पाडला, आता दुसऱ्या दोन्हीस्नी दोर लावलाय!"

रान पुतण्याच्या नावावर होतं. विधवा चुलतीचं नाव सातबाऱ्यावर कुठंच नव्हतं. त्या तीन झाडांचे बाळहिरडे, म्हणजे कोवळी फळं, वेचायचे, वाळवायचे, औषधवाल्यांना विकायचे, त्यावर तिची चूल पेटायची. हक्क सांगायला गेली असती तर कोर्टात तोंडावर पडली असती. पण हिरडा त्या कायद्यातल्या झाडांत होता! मामलेदार कचेरीत वर्दी धाडली, हवालदाराला घेतलं आणि जीप पिटाळली.

"थांब! कुऱ्हाड खाली!" मी बांधावरूनच ओरडलो.

पुतण्या मात्र थंड. "आवं सायब, रान माजं, झाड माजं. आन् ह्ये वळवानं उन्मळलंय. ती दोन बी कलल्यात, म्हणून उतरवतोय."

वाऱ्यानं पडलेल्या झाडाला परवानगी लागत नाही, हे गडी पक्कं विचारून आला होता. झाड मुळांसकट आडवं पडलेलं, मुळांना चिखल फासलेला. इथं काही चालायचं नाही, अशी हवालदारानं माझ्याकडे पाहून मान हलवली. झाड तोडायला आणलेला कुऱ्हाडी उगाच दोर गुंडाळत उभा होता.

तेवढ्यात बुंध्याखालून डोकावणारी नारळाची करवंटी मला दिसली. आमच्या कोरेगावाकडे मोठं झाड पाडण्याआधी कुऱ्हाडी त्याला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो आणि माफी मागतो. मी वर्दीसकट चिखलात आडवा झालो. बुंध्याच्या खालच्या अंगाला, जमिनीकडच्या सालीवर लालभडक कुंकू!

"सापडलं!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बाजूला जोडून ठेवलेले बैल बुजले. "काय रं, हे कुंकू वळवानं लावलं व्हय?"

"गप ऱ्हा, बोलू नगं," पुतण्या कुऱ्हाड्यावर खेकसला. पण कुऱ्हाडी खालीच बसला. "खोटं न्हाई बोलवत, सायब. मुळं आमीच खणून तोडली, मग बैलांनी वढलं. पर झाडाला न इचारता कुऱ्हाड घालायची न्हाई, ही वाडवडलांची रीत हाय."

"लेका, झाडाला विचारलंस, सरकारला विचारायचं राहिलं!"

हवालदार पोट धरून हसला. पंचनामा केला, कुऱ्हाड नि दोर जप्त केले. पुढं मामलेदारांनी पुतण्याला दंड ठोठावला. दोन हिरडे वाचले. मला तर गावभर दवंडी पिटावीशी वाटत होती.

म्हातारी मात्र पडलेल्या झाडाजवळ बसून फांद्यांवरचे हिरवे हिरडे ओच्यात खुडत होती. "आजी, खूश ना? जिंकलो आपण!" मी म्हणालो.

"व्हय की, लय उपकार झालं," ती म्हणाली. हात काही थांबले नाहीत. "पर सायब, ह्या झाडाचा ह्यो शेवटचा बहार."

माझी छाती जरा खाली बसली. जिच्या नावावर काहीच नाही, तिलाही कायदा झाडाच्या आडून सांभाळू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर झाडतोडीची खबर आली की हजेरी अर्धी टाकून मी आधी जीप काढत असे.