पळी थांबली तर प्रसंग ठेवायचा

माझा मेहुणा तमिळ सिनेमे काढतो. कितीतरी वर्षं सगळे हसायचेच काढले. पण प्रत्येक प्रसंग तो आधी या तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या आमच्या घरी येऊन, स्वयंपाकघरात पाटावर बसून, आपल्या अक्काला मराठीत सांगायचा. अक्का म्हणजे माझी बायको. ती सांबार ढवळत ऐकायची. पळी थांबली तर प्रसंग ठेवायचा, नाही तर फाडायचा. मी ओसरीवरनं ऐकायचो. मला कधी हसू आलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानं हसायचे सिनेमे सोडले. पेपरात आलं की दिग्दर्शक आता गंभीर झाला, मोठा झाला. कसला मोठा. सांगायला माणूस उरलं नाही, एवढंच.

मग एका सकाळी आला आणि पाटावर बसला.

"भावोजी, ऐका. बायको गेलेला म्हातारा. जेवायला बसतो आणि सवयीनं केळीची दोन पानं मांडतो. एक तिचं."

मला भीती वाटली. खरं बोललो तर हा उठून जाईल, परत यायचा नाही. मुलगा, नातवंडं फोनवर तमिळच बोलतात. याच्याशिवाय मराठी बोलायला मला कुणी नाही. तरी बोललो.

"खोटं आहे."

"काय खोटं?"

"दोन पानं कोण मांडतो? मी एक पण मांडत नाही. शेगडीपाशी उभा राहून पातेल्यातनंच खातो. पान मांडलं तर वाढणार कोण?"

तो उठला. कॉफी तशीच ठेवून गेला. पाच महिने फिरकला नाही.

सिनेमा लागला तसा दुपारच्या खेळाला एकटाच गेलो. पडद्यावर म्हातारा उभ्यानं खात होता. पातेलं पंच्याच्या टोकानं धरलेलं, रस्सम धोतरावर सांडतंय. माझं पण सांडतं. शेजारची बाई डोळे पुसत होती आणि मी हसत होतो. माझ्या बायकोची पळी इथं थांबली असती.

घरी येऊन फोन लावला.

"बघितला."

"रडलात?"

"हसलो. धोतरावर सांडलं तेव्हा."

तो म्हणाला, "ते हसायलाच ठेवलं होतं, भावोजी. कुणीच हसलं नाही."

"मग ये. दुसरं काही सांग."

रविवारी येतो म्हणाला. पाट पुसून ठेवलाय. सांबार मला तिच्यासारखं जमत नाही, पण ढवळत उभा राहीन.