केळीचं उणे वजन

हसणार नाही असं वचन देऊ नका, तुमच्याच्यानं ते पाळवणार नाही! त्या काळात अख्ख्या जळगावात फोर्थ भाषेत प्रोग्राम लिहिणारा मी एकटाच. निदान मी तरी तसंच सांगत फिरायचो!

भाषा मोठी मजेची. आधी आकडे द्यायचे, वजाबाकीचं चिन्ह शेवटी. आकडे टोपलीतल्या भाकरींसारखे एकावर एक बसतात आणि खालच्यातून वरचा वजा होतो. झालं, एवढंच!

धुळ्याला मामाच्या जिनिंगवर मी वजनाचा प्रोग्राम लिहिला. कापसाची गाडी भरलेली येते, रिकामी जाते. आधी भरलेलं वजन, मग रिकाम्याचं. उत्तर चोख! मामा खूश, आणि मी तर हवेतच.

त्याच तोऱ्यात, तोच प्रोग्राम घेऊन यावलला गेलो. तिथं आबांचा वजनकाटा होता. आबा मूळचे पारोळ्याचे, बोलणं अस्सल अहिराणी. म्हणाले, "एक ट्रक बरोबर मोजी दखाड, मंग कामवर ठेवसू."

नोकरी खिशातच समजा! केळी न्यायला ट्रक आला, काट्यावर चढला, वजन टाकलं. घड भरून परत चढला, तेही टाकलं. पडद्यावर उत्तर आलं, उणे!

"हाई काय शे रे भाऊ? केळी भरीसन ट्रक हलका व्हयना का?"

"आबा, कॉम्प्युटर चुकत नाही. तुमचा काटा बिघडलाय!"

आबा तडक स्वतः काट्यावर उभे राहिले. मी आधी शून्य टाकलं, मग त्यांचं वजन. आबा उणे नव्वद किलो!

"मी शे का नही?" आबा ओरडले.

दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. मी थांबतोय होय! "ट्रक खाली करा, आत्ता दाखवतो!"

हमालांनी कपाळाला हात लावला, पण सगळे घड उतरवले. भरलेलं वजन, मग रिकाम्याचं. आलं की बरोबर उत्तर! मी उडीच मारली. "बघा आबा, बरोबर!"

आबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग ट्रककडे. "बरोबर शे. पन केळी कोठे शेतस?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कापूस भरलेला येतो, केळीचा ट्रक मात्र रिकामा येतो! फोर्थमध्ये वरचे दोन आकडे उलटे करायला एक चिमुकला शब्द असतो, स्वॅप. तो लिहायचा सोडून मी सगळा ट्रक उलटा केला होता!

आबांनी शब्द पाळला, कामावर ठेवलं. त्याच मिनिटापासून, हमालांच्या रांगेत, घड परत भरायला!