अकरा ग्लास पाऊस

दिघीच्या धक्क्यावर लाँचमधून उतरले तेव्हा माझी छत्री कोरडी होती. जुलै होता, आभाळ भरलेलं होतं, पण पडत होते चार शिंतोडे. मला मनातून बरंच वाटलं. म्हणजे माझा संशय खरा होता.

सई, परवा तू फोनवर सांगितलंस की तुमच्या अंगणात गुडघाभर बर्फ पडला आणि डोंगरापलीकडच्या मैत्रिणीकडे नुसती भुरभुर. तिने तुला वर्गात थापाडी म्हटलं. तेव्हापासून मला रामजीभाऊ आठवतायत.

दिघीला उतरले तेव्हा मी हवामानाच्या ऑफिसात नवी होते. गावोगावच्या रेनगेजचे आकडे माझ्या टेबलावर यायचे. रेनगेज म्हणजे पाऊस साठवायचं नळकांडं. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी खुणांच्या काचेच्या ग्लासने मोजायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. भरलेला एक ग्लास म्हणजे वीस मिलिमीटर.

म्हसळ्याच्या पुढे, अगदी डोंगराच्या पायथ्याशी असंच एक स्टेशन होतं. शाळेचे शिपाई रामजीभाऊ ते सांभाळत. त्यांचे आकडे किनाऱ्यावरच्या आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट यायचे. आदल्या पावसाळ्यात मी पत्र धाडलं होतं : आकडे संशयास्पद आहेत, खुलासा करावा. खुलासा आला नाही. आकडे मात्र जरा उतरले.

"चोर सावध झालाय," आमचे प्रधानसाहेब म्हणाले. "जाऊन बघा. खोटं निघालं तर त्या माणसाला काढू आणि स्टेशन बंद करू."

म्हणून मी निघाले होते. म्हसळ्यापर्यंत एसटीच्या खिडक्या उघड्या होत्या. पुढे डोंगर जवळ आले आणि ड्रायव्हरला समोरचं दिसेना. मुक्काम शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी होता; तिथे पोचेपर्यंत माझी बॅगसुद्धा निथळत होती.

सकाळी साडेआठला रामजीभाऊ इरलं पांघरून आले. बाटली काढली. ते ग्लास भरत होते, ओतत होते, मी मोजत होते. अकरा भरले. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि हळूच विचारलं, "बाई, आठ लिवू ना?"

"अकरा झाले ना, रामजीभाऊ?"

"झालं. पन अकरा तुमच्या हापिसाला पटत न्हाय."

रजिस्टरमधून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं पत्र काढलं. माझंच. खाली माझी वळणदार सही. ते पत्र आल्यापासून मोठ्या पावसात रामजीभाऊ दोन-तीन ग्लास लिहायचे सोडून द्यायचे. नाही सोडले तर रेनगेज काढून नेतील, ही भीती.

मग खरे आकडे कुठे गेले, असं मी विचारलं. त्यांनी मला शाळेच्या मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारखा आणि ग्लास लिहिलेले. एकही दिवस सुटला नव्हता.

"तुमच्या वहीत तुमचं, हितं माझं," ते म्हणाले. "पावसाला कसं सांगू, जरा कमी पड म्हनून?"

समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडली की वर चढते. वर ती गार होते, गार हवेला तेवढी वाफ पेलत नाही, आणि ती तिथेच रिती होते. डोंगर ओलांडून जाते ती हलकी होऊन. आमच्याकडे पाऊस, तुमच्याकडे बर्फ, एवढाच फरक. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

त्या दारावरचे सगळे आकडे मी कागदावर उतरवून घेतले. प्रधानसाहेबांनी कागद शांतपणे वाचले.

"ते पत्र कोणी पाठवलं होतं?"

"मी."

"मग माफीचंही तुम्हीच पाठवा."

पाठवलं. स्टेशन राहिलं, आणि रिटायर होईपर्यंत रामजीभाऊंनीच ते सांभाळलं. दुसरं पत्रही त्यांनी त्याच पिशवीत ठेवलं होतं म्हणे.

आता इथे किहीमच्या वाडीत भुरभुर सुरू असली आणि पूर्वेचे डोंगर काळे झालेले दिसले की मी मनातल्या मनात ग्लास मोजते. तेवढी सवय राहिली आहे.

तेव्हा सई, मैत्रिणीवर रागावू नकोस. मीही तिच्यासारखीच होते. तिला पट्टी घेऊन घरी बोलाव. आणि ती येईपर्यंत बर्फ कमी करून सांगू नकोस.