हनुवटीवरची पट्टी

मनांग पेलाग्या चिडलेली नाही, असं मी तिला फक्त चर्चमध्ये पाहिलंय. तिथेही प्रवचन संपत आलं की तिचा पाय हलायला लागतो. बाहेर पायरीवर कुणीतरी ओशाळं हसत तिच्यासाठी थांबलेलं असणार आणि एकच वाक्य ऐकवणार, हे तिला ठाऊक असतं: "मनांग, आम्ही एक गोष्ट करून बसलोय. चालेल ना?"

"करून बसल्यावर विचारता! आधी विचारायला काय दातखीळ बसली होती?"

आम्ही फिलिपिन्सचे इलोकानो लोक थोरल्या बहिणीला मनांग म्हणतो, आणि पेलाग्या डोमिंगसिल ही हवाईतल्या आमच्या अख्ख्या वायपाहू गावाची थोरली बहीण. वायकीकीच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला. माणसांच्याही सुरकुत्या काढता येतील, हा भ्रम तिला तिथेच जडला असावा. आम्ही मात्र दोन चादरींमध्ये तिसरी कोंबावी तसे एकमेकांत गुंतलेलो.

कुठलाही सल्ला देण्याआधी ती बोट वर करून सांगते, "मी वकील नाही. वकीलबाई महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये फुकट बसतात. चल तिकडे." आणि खरोखर दंडाला धरून नेते. वाटेत तिचं ठरलेलं कीर्तन चालू असतं. व्हिसाच्या कचेरीत ओळख आहे म्हणून पैसे मागणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका. कोऱ्या कागदावर सही नको. घर बदललं तर दहा दिवसांत सरकारला कळवा. पाठवाल त्या प्रत्येक कागदाची नक्कल ठेवा. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन मामेभावाला विचारतात.

तिच्या चिडण्याला घरचंही कारण आहे. धाकट्या बहिणीला अमेरिकेत आणायला तिने अर्ज केला तेव्हा दोघींचे केस काळे होते. नंबर लागला तेव्हा दोघींना नातवंडं होती. बहिणीने तिकडे फिलिपिन्समधल्या बकारा गावाहून फोनवर सांगितलं, "मनांग, आता मी आले तर माझ्या डुकरांना कोण खायला घालणार?" तेव्हापासून आमच्यात कुणी डुकराचं नाव काढलं तरी मनांग विषय बदलते.

तर, आमच्या समोरच्या घरातली शेरिलिन. जन्म इथलाच, त्यामुळे अमेरिकन नागरिक. तिचा नवरा डेन्व्हर. नाव अमेरिकेतल्या शहराचं, पण पोरगा बकाराचा. होणारा नवरा म्हणून व्हिसावर आला, मुदतीत लग्न झालं, ग्रीन कार्डाचा अर्ज गेला. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. लग्न खरं आहे असं साहेबाला पटलं नाही, तर डेन्व्हरला परत जावं लागणार. शेरिलिनची झोप उडाली. तिची आई ओफेलिया मात्र उत्साहाने नुसती उतू जात होती.

"पुराव्याची काळजीच नको, मनांग. फोटो ढिगाने आहेत."

ढीग खराच होता. मनांगने एकेक फोटो बघायला घेतला. प्रत्येकात तीस-चाळीस माणसं, मध्ये भाजलेलं डुक्कर, डाव्या टोकाला शेरिलिन, उजव्या टोकाला डेन्व्हर. आमच्यात कुणी फोटो काढतंय म्हटलं की शेजारच्या घरातला माणूससुद्धा ताट घेऊन धावत येतो, न येणं म्हणजे रुसवा. एका फोटोत तर डेन्व्हरचा फक्त कान होता.

"हा नवरा आहे की पाहुणा?" मनांग म्हणाली. "दोघांचा एक नाही? नुसता दोघांचा?"

"दोघांचाच कसा काढणार? बाकीच्यांना काय वाटेल!"

"बरं, दोघांच्या नावावर काही? बँकेत खातं?"

"तिचं माझ्याबरोबर आहे."

"विजेचं बिल?"

"आजोबांच्या नावावर."

"आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"हो, पण ते बिल कधी चुकलं नाही हं," ओफेलिया अभिमानाने म्हणाली.

मनांगने कपाळाला हात लावला. "शनिवारी वकीलबाई येतील. तोवर कुणी काहीही करू नका. काहीही."

काहीही करू नका हे आमच्या लोकांना जमत नाही. रविवारी ओफेलियाने माझी व्हॅन मागितली. कशाला, हे मी विचारलं नाही, नुसती चालवली. दुपारभर आम्ही बेटावर हिंडलो. समुद्रकिनारा झाला, बाग झाली, धबधबा झाला. दर ठिकाणी दोघं व्हॅनमागे जाऊन कपडे बदलून येत. घरी आल्यावर माळ्यावरून नाताळचं झाड काढलं. एकाच केकवर मेणबत्त्या बदलून दोन वाढदिवस केले. शनिवारी चर्चच्या हॉलबाहेर ओफेलियाने मनांगच्या मांडीवर देखणा अल्बम ठेवला.

"घ्या. वर्षभराचा संसार!"

मनांगने पाच पानं उलटली आणि डेन्व्हरला जवळ बोलावलं. "इकडे ये रे. हनुवटीला काय झालंय?"

"दाढी करताना कापलं, मनांग."

"कधी?"

"गेल्या रविवारी."

"मग ही पट्टी नाताळात कशी? ईस्टरला कशी? तुझ्या वाढदिवसाला आणि तिच्याही वाढदिवसाला कशी? वर्षभर एकच जखम वाहत होती का?"

सगळे डेन्व्हरच्या हनुवटीकडे बघायला लागले. मी व्हॅनच्या किल्ल्यांकडे.

"अगं बयांनो!" मनांग गरजली. "लोक खोट्या लग्नाला खरं दाखवायला धडपडतात. तुम्ही खऱ्या लग्नाला खोटं करून दाखवलंत! हा एक अल्बम साहेबाने बघितला की पोराचं खरं बोलणंही बुडालं. आणि फ्लोरो, तू! गाडी चालवताना डोकं घरी ठेवलं होतंस?"

"मला वाटलं सहल आहे," मी म्हणालो.

शेरिलिन रडायला लागली. "मग आमच्याकडे आहे काय दाखवायला? वर्षभर आम्ही या घरात धड बोललोसुद्धा नाही. कुणीतरी मध्ये असतंच. बोललो ते तो तिकडे असताना, फोनवर."

रडणाऱ्या पोरीला धीर देण्याऐवजी मनांगने तिचा फोन मागितला. दोन वर्षांचे निरोप होते, रोजचे. ते घेऊन सगळे आत वकीलबाईंकडे गेले. त्यांनी अल्बम बाजूला ठेवायला लावला. "खोटं एकही पान न्यायचं नाही. फोनमधले निरोप छापून न्या, मधले मधले, तारखांसकट. घरातल्या मोठ्यांनी जे खरं पाहिलंय ते लिहून द्या. आणि जे नाही ते नाही म्हणून सांगा."

"पण त्या निरोपांत काहीच नाही हो," शेरिलिन लाजून म्हणाली. "नुसतं जेवलास का, जेवलीस का."

मुलाखतीच्या दिवशी मी व्हॅन चालवली, या वेळी कुठे जायचं ते विचारून. ओफेलियासकट सगळ्यांना मनांगने घरीच कोंडलं होतं. दोघं आत गेली. मनांग बाहेरच्या खुर्चीत बसून पाय हलवत राहिली.

आतलं नंतर डेन्व्हरने सांगितलं. साहेबाने विचारलं, घरात किती माणसं राहतात? हा म्हणाला तेरा. ती म्हणाली चौदा. गॅरेजमध्ये झोपणारा चुलतभाऊ धरायचा की नाही यावर दोघांची जुंपली. मग साहेबाने छापील निरोप वाचायला घेतले. जेवलास? जेवलो. काय? शेवगा. आजही? आजही. महिने उलटले तरी शेवगाच. साहेबाने विचारलं, हा शेवगा एवढा का खातोस? डेन्व्हर म्हणाला, "अंगणात फुकट मिळतो, साहेब. तिकिटासाठी पैसे साठवत होतो." शेरिलिन त्याच्याकडे बघत राहिली. तिला तो नेहमी म्हणायचा, मला शेवगा आवडतो.

निकाल टपालाने येईल, एवढंच साहेब बोलले. काही आठवड्यांनी कार्ड आलं. ओफेलियाने अख्खं डुक्कर भाजायला घातलं आणि सगळं श्रेय अशक्य कामांना पावणाऱ्या संत ज्यूडला दिलं. कार्ड हातोहात फिरत शेवटी मनांगकडे आलं, चरबीने माखलेल्या बोटांचे ठसे घेऊन.

"यावरची मुदत वाचली का कुणी?"

कुणीच वाचली नव्हती.

"दोन वर्षांचं आहे. लग्न नवीन म्हणून. मुदत संपण्याआधीच्या तीन महिन्यांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, आणि पुन्हा पुरावे. उद्या बँकेत दोघांचं खातं. परवा विजेच्या बिलावरून आजोबांना मोकळं करा. आणि फोटो आत्ता. दोघांचाच!"

ती स्वतः फोन घेऊन उभी राहिली. आम्हाला तिने टेबलामागे हाकललं. दोघं आंब्याखाली उभी राहिली, एकमेकांपासून हातभर लांब. तेवढ्यात ओफेलिया ताट घेऊन निघाली.

"ओफेलिया, जागची हललीस तर बघ!"

"अहो, पण तो सकाळपासून जेवला नाहीये!"

ते ऐकून शेरिलिन डेन्व्हरकडे वळली. "अरे, जेवला नाहीस?"

मनांगने तेव्हा बटण दाबलं. हनुवटीवर पट्टी नव्हती. फोटोच्या कोपऱ्यात ओफेलियाचं ताट आलंय, पण मनांग म्हणाली, राहू दे, ताट चालेल.