तिसऱ्यांचा आवाज

मंगळवारी सखूमावशी गेली.

आज बाजारात एक कोळीण दोन तिसऱ्या कानाशी धरून एकमेकींवर आपटत होती, आणि मी तिच्या टोपलीपाशी उभीच राहिले. आत मांस नसून चिखल भरलेली शिंपली बद्द वाजते, हे मला मावशीने खाडीत शिकवलं होतं. संशोधनासाठी मिळालेल्या फेलोशिपची दोन वर्षं ती तिसऱ्या वेचायची आणि मी तिच्या मागून चिखलात फिरायचे. खाडीचं पाणी का बिघडलं ते शोधायचं आणि तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं, ही फेलोशिपची अट होती. मी आधी प्रबंध लिहिला. त्यात मावशी ‘स्थानिक माहितगार’ झाली.

“काय गो, माझ्या खाडीला काय झालंय ते तुझ्या सायबांना सांगून झालं, मला कधी सांगतेस?” ती फोनवर हसत विचारायची.

“पुढच्या महिन्यात येते, मावशी.”

“ये. कालवण करून ठेवते.”

सोपं लिहिणं अवघड असतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर मी त्यासाठी कधी बसलेच नाही.

“बाय, घेतेस काय?” कोळिणीने विचारलं. मी एक वाटा घेतला.

मावशीसाठी लिहायच्या पुस्तिकेचं पहिलं पान माझ्याकडे आहे. त्यावर फक्त खाडीचं नाव आहे.